पूजेचा मान दिला म्हणून रान द्यायचं?

माझ्या थोरल्या चुलत्यावर अन्याय झाला. हैदराबाद रियासतीत कुळांचा नवा कायदा आला, त्याच्या पुढच्याच पाडव्याला, सकाळी, गावात घरोघरी गुढ्या चढत असताना, त्यांना त्यांनी कसलेल्या रानातून उठवलं. उठवणारा त्या रानाचा मालक, दिंद्रुडात राहणारा. त्याचं नाव मी लिहीत नाही. भितो म्हणून नाही. त्याच्यासारखे इतके आहेत, की एकट्याचं नाव लिहिलं तर बाकीचे सुटल्यासारखे होतील.

पाडवाच का निवडला? सालगड्याचं साल पाडव्याला भरतं. वर्षभर राबलेल्या गड्याला त्या दिवशी मालक म्हणू शकतो, झालं तुझं साल, आता तू मोकळा. मालकाला माझ्या चुलत्याला नेमकं हेच म्हणायचं होतं. त्यासाठी मुहूर्त अचूक निवडला होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, आणि तो असा वापरला.

आमचं गाव दिंद्रुडपासून चालत जाण्याच्या टप्प्यात. वडील मी लहान असतानाच गेले. चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, मला वाढवलं आणि बीडला शिकायला ठेवलं. तिथं मी उर्दू शिकलो आणि पुढं मित्रांच्या नादानं पत्रकं लिहायलाही शिकलो. पत्रक लिहिणाऱ्याला एक खोड लागते. कुणी गप्प बसून सोसत असेल तर त्याच्यावर जास्त राग येतो. आबांवर मी असाच चिडायचो. ते मालकाला बघितलं की पायातली वहाण काढायचे, तेही चिखलात. मी बोललो की म्हणायचे, "पाय माझा, चिखल माझा, तुझं काय जातंय?"

रान होतं ओढ्याच्या काठाला, काळं, ज्वारीला नामी. आबा ते बटईनं कसत होते, माझ्या जन्माच्या आधीपासून. बैल आबांचे, बियाणं आबांचं, पाभर-कुळव आबांचे. शेतसारा मालक भरायचा. खळ्यावर मालाचे दोन ढीग व्हायचे, एक मालकाकडं जायचा, एक आमच्याकडं यायचा. कागद काहीच नव्हता. कुठल्या कुळाकडं होता? पटवारी चावडीत बसून मालक सांगेल ते लिहायचा, आणि त्यानं त्या रानापुढं मालकाची घरवहिती, म्हणजे त्याची स्वतःची कसणूक, लिहून ठेवली होती.

नवा कायदा साधा होता. दुसऱ्याचं रान जो स्वतः सलग कसत आला तो कूळ, आणि त्याला मालकाच्या लहरीनं उठवता येत नाही. सरकारी बोलीत त्याला शिकमी म्हणतात. सालगड्याला हा हक्क नव्हता. गड्याला पोटापुरतं धान्य मिळतं, रान मिळत नाही. म्हणजे मालकाला एवढंच दाखवायचं होतं, की आबा कूळ नव्हेत, गडी आहेत, आणि रान तो स्वतः कसतो.

ज्या माणसाच्या पायाला त्या रानाची माती कधी लागली नाही, त्यानं हे दाखवायचं कसं? त्याला वाट सापडली आमच्या येळवशीत.

मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे येळवस. मोमिनाबादेकडच्या साऱ्या मुलखात त्या दिवशी गाव ओस पडतं आणि रानं भरतात. ज्वारी छातीला लागलेली असते. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची. मग अंगावर घोंगडी घेऊन आंबिलीचं मडकं उचलायचं आणि उभ्या पिकावर आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची. हे सगळं कोण करतं? रान कसणारा. यात गावात कुणाचं दुमत नाही. कायद्याच्या पुस्तकात नसलं तरी लहान पोरालासुद्धा माहीत, की येळवस ज्याची रान त्याचं.

आबा दर साली आमंत्रण द्यायला मालकाच्या घरी जायचे. मालक दर साली "बघू" म्हणायचा आणि यायचा नाही. त्या साली म्हणाला, "येतो." आबा दिंद्रुडाहून आले ते हवेत चालतच.

"ऐकलंस का गं," त्यांनी उंबऱ्यातूनच थोरल्या मायला, म्हणजे माझ्या चुलतीला, हाक मारली. "औंदा मालक येणार हायत! आंबील जरा जास्तीची लाव."

"कावून?" थोरली माय म्हणाली. "इतकी सालं त्याला आपल्या रानाची वाट सापडली न्हाई, औंदाच कशी सापडली?"

"तुझं तोंड म्हंजी ना... मोठा माणूस येतो म्हणला तर कावून विचारायचं आसतंय का?"

विचारायचं असतं. मी बीडला होतो, नाहीतर मीही विचारलं असतं. येळवशीला मी घरी पोचलो तेव्हा मालक येऊन बसला होता. सोबत त्याचा कारभारी, मेहुणा आणि चार-दोन माणसं. दिंद्रुडचा एक शेटजीही आला होता, गळ्यात लिंग, डोक्याला रुमाल. त्याचं किराण्याचं दुकान, आणि आमच्या घरचं मीठ-मिरची त्याच्याकडूनच यायचं, म्हणून आबांनी त्यालाही बोलावलं होतं.

पूजेची वेळ झाली. आबांनी हातात तांब्या घेतला, क्षणभर थांबले, आणि वळून मालकापुढं वाकले.

"मालक, औंदा तुमच्या हातानं होऊ द्या."

थोरल्या मायनं भाकरीचं टोपलं जरा आपटूनच ठेवलं. मालक मात्र नको-नको असं एकदाही म्हणाला नाही. उठला, पूजा केली. मग कारभाऱ्यानं खूण केल्यावर घोंगडीही त्यानंच अंगावर घेतली आणि मडकं उचललं. एवढा जड माणूस ज्वारीतून आंबील शिंपडत निघाला तेव्हा आबांचे डोळे भरून आले होते. त्यांना वाटलं, रानाचं भाग्य उजळलं.

मला तेव्हा एवढंच वाटलं की म्हातारा फार वाकतो. डाव माझ्याही लक्षात आला नाही, मग आबांच्या कुठून येणार?

जेवणं मात्र रीतीनं झाली. पाहुण्यांचे पाय धुवायला ऊन पाणी, बसायला घोंगड्या, पहिल्या पंगतीला मालक आणि त्याची माणसं. थोरली माय भज्जी, म्हणजे येळवशीची खास मिसळभाजी, वाढत होती, आबा आंबील. मालकाचा मेहुणा तर उठायलाच तयार नव्हता.

"वैनी, भज्जी हाय का आजून?"

"हाय की. पर पोट आजून हाय का?"

सगळे हसले. निघताना आबांनी मालकाला उपरणं आणि नारळ दिला. सगळे गेल्यावर, उन्हं उतरताना, आम्ही घरचे जेवायला बसलो. येळवशीला रानवाला शेवटी जेवतो.

ज्वारी काढली, खळं झालं, मालकाचा ढीग मालकाकडं गेला. आणि पाडव्याच्या सकाळी रानात मालकाचे नांगर उभे. कारभारी बांधावर.

"म्हाताऱ्या, साल भरलं तुझं. आता हिकडं यायचं न्हाई."

"साल?" आबा म्हणाले. "आरं, मी गडी हाय का?"

"मग कोन हायेस बे? येळवस कोनी केली औंदा? पांडव कोनी पुजले? बोल की."

आबा बांधावरूनच माघारी वळले. घरी येऊन ते गुढीखाली बसले. थोरली माय एक शब्द टाकून बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मी दुसऱ्याच दिवशी तहसिलीत अर्ज दिला. उर्दूत, स्वतःच्या हातानं. सुनावणीची पेशी लागली. मालकाचं उत्तर अपेक्षेप्रमाणंच आलं. अर्जदार आमचा सालगडी, रान आम्ही स्वतः कसतो, यंदाची येळवसही आम्हीच केली, साऱ्या गावानं पाहिली.

मी आबांना म्हणालो, "सरळ सांगा, पूजा तुम्हीच केली. तो खोटं बोलतो, तर आपणही..."

"पूजा त्यानं केली."

"तुम्ही करायला लावली म्हणून!"

"लावली. पर केली त्यानंच. पांडवाच्या पूजंला मी खोटं बोलनार न्हाई. रान जाईल तर जाईल."

"मग जाईलच!"

"तर जाईल," आबा म्हणाले, आणि कूस बदलून झोपले. ते घोरायलाही लागले. मी तळमळत राहिलो.

मग मी साक्षीदार शोधायला निघालो, आणि माझा खरा संताप तिथून सुरू होतो. मालकावर मी चिडलो होतोच, पण मालकाकडून माझी दुसरी अपेक्षा नव्हती. ज्यांच्या बांधाला बांध, ज्यांनी आबांच्या पाभरीमागं पाभर चालवली, ज्यांच्या बैलाला आबांनी आपल्या बैलाची जोड दिली, ती माणसं अंग काढून घेऊ लागली. एकजण म्हणाला, "पोरा, मला दिसतच न्हाई नीट." तो त्या वेळी सुईत दोरा ओवत होता. दुसरा म्हणाला, "मी त्या दिशी गावाला गेलतो." माझ्यासमोर बसून आंबिलीच्या दोन वाट्या प्यायला होता. तिसऱ्यानं निदान खरं सांगितलं. "मी बी बटईचं रान करतो बाबा. उद्या माझं काढलं तर तू देनार हायेस का?"

मी त्याला म्हणालो, आज तू बोलला नाहीस तर उद्या तुझं निघणारच, आणि तेव्हा तुझ्यासाठीही कुणी बोलणार नाही. त्यानं दार लावून घेतलं. फक्त तो दिंद्रुडचा शेटजी, दुकानात गूळ फोडत होता, मान वर न करता म्हणाला, "कवा हाय पेशी?" मी दिवस सांगितला. म्हणाला, "येतो. दुकान भावाला सांगतो." मी विचारलं, मालक तुमचं गिऱ्हाईक नाही का? तो म्हणाला, "हाय. मोठं हाय. पर मी जेवलोय तिथं."

पेशीच्या दिवशी तहसिलीत मालकाची माणसं ओट्यावर ऐसपैस, आम्ही लिंबाखाली. तहसीलदार हैदराबादेकडचे, मुसलमान, वयस्क. मराठी समजायची, बोलताना दखनी यायची. येळवस म्हणजे काय हे त्यांना आधी समजावून सांगावं लागलं. मालकाच्या वकिलानं ते इतकं छान सांगितलं, की मलाच पटलं. जो पूजा करतो, जो आंबील शिंपडतो, तोच कसणारा, हुजूर, हा आमच्या मुलखाचा रिवाज.

पहिला साक्षीदार कारभारी. "पूजा मालकानं केली. आंबील मालकानं शिंपली." दुसराही तेच बोलला, शब्दन् शब्द तोच.

तहसीलदारांनी आबांना विचारलं, "बुढे मियाँ, सच है?"

"खरं हाय, साहेब."

पेशकाराची लेखणी चालू लागली. मी मनात आबांना काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिथंच खटला संपला असता. पण वकिलाला एवढ्यावर समाधान नव्हतं. त्याला मालकाचा मोठेपणा दाखवायचा होता, म्हणून त्यानं मेहुण्याला उभं केलं. तोच, भज्जीवाला.

मेहुणा खुशीत होता. "नुसती पूजा कशाची साहेब! आमच्या दाजीचा काय मान ठेवला म्हनता! पाय धुवायला ऊन पानी. बसायला नवी घोंगडी. पयल्या पंगतीला बसवलं. भज्जी तर अशी, की अजून जिभंवर हाय. अन् निगताना उपरनं, नारळ. दाजी मंजी काय साधा मानूस हाय का?"

तहसीलदारांनी चष्मा काढला. "नारियल किसने दिया?"

"हेनंच की. म्हाताऱ्यानं."

"खेत तुम्हारे दाजी का?"

"व्हय."

"फसल उनकी?"

"व्हय तर!"

"और ये उनका नौकर?"

"गडी हाय साहेब, गडी."

"तो नौकर ने मालिक को, मालिक के ही खेत में, नारियल देकर बिदा किया? ये कौनसा रिवाज है?"

"रीतच हाय साहेब," मेहुणा मोठ्या जोरात म्हणाला. "रानात आलेल्या पाव्हन्याला रिकाम्या हातानं कोन लावून देतं?"

बोलून गेल्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं. कारभाऱ्यानं कपाळाला हात लावला. लिंबाखालून कुणीतरी ओरडलं, "पाव्हना! पाव्हना म्हनला बे त्यो!" आणि ओट्यावरचे शिपाईसुद्धा हसले. मालक एकटा हसला नाही.

त्यानंतर तहसीलदारांनी कारभाऱ्याला आणि दुसऱ्यालाही परत उभं केलं. न्यौता कुणी दिला? आबांनी. वाढलं कुणी? आबांनी आणि त्यांच्या बायकोनं. तुम्ही कुठल्या पंगतीला? पहिल्या. मालक? पहिल्या. आपल्याच रानात माणूस पहिल्या पंगतीला बसतो का? मग शेटजी उभा राहिला. त्यानं एवढंच सांगितलं, की माझ्या बापाच्या दुकानात हा माणूस बियाण्याची ज्वारी पारखून न्यायचा, आता माझ्या दुकानातून नेतो, आणि त्या रानात दुसऱ्या कुणाचे बैल मी पाहिले नाहीत. तीन वाक्यं. मालकाकडं त्यानं एकदाही बघितलं नाही, आणि मालकानं त्याच्याकडचा किराणा त्या दिवसापासून बंद केला. तो आजही बंद आहे.

हुकूम झाला. आबा शिकमी, रान त्यांच्या ताब्यात, मालकानं नांगर काढावेत. मालक बीडला अपिलात गेला, तिथंही हाच हुकूम कायम राहिला. अपिलाच्या पेशीहून परतताना मी आबांना विचारलं, आता तरी चिखलात वहाण काढायची थांबवाल का? आबांनी वहाण काढून तिच्यातला खडा झटकला. मग म्हणाले, "नांगरट झ्याक केलीय बग त्याच्या बैलांनी. खोल. आपल्या बैलांना जमली नसती." आणि रस्त्यातच हसत सुटले. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

इथं गोष्ट गोड झाली म्हणून तुम्ही मान डोलवाल. थांबा. आम्ही जिंकलो ते मेहुण्याच्या तोंडाळपणामुळं. तो जरा कमी जेवला असता, जरा कमी बोलला असता, तर आबा आज दुसऱ्याच्या रानात रोजानं गेले असते. हक्क खरा होता, कायदा खरा होता, माणूसही खरं बोलणारा होता, आणि तरीही सगळं लोंबकळत राहिलं, कारण ज्यांनी पाहिलं होतं ते घरात बसले.

पुढच्याच हंगामात शेजारच्या गावातली एक विधवा अशीच उठवली गेली. नवऱ्यामागं तिनं स्वतः पाभर धरली होती, हे सारं गाव बघत होतं. तिचा मालक आमच्या मालकापेक्षा शहाणा निघाला, त्यानं बढाईखोर साक्षीदार आणलेच नाहीत. तहसीलदार तेच होते. त्यांनी तिला विचारलं, बाई, तुझ्या बाजूनं कोण? तिनं मागं वळून बघितलं. मागं मी होतो, पण मी त्या गावचा नव्हे, मी तिला पेरताना पाहिलेलं नव्हतं, माझी साक्ष चालत नाही. तिचं रान गेलं. तिच्या रानात जेवलेली, तिच्या खळ्यावरची ज्वारी हातावर मळून खाल्लेली माणसं त्या दिवशी आपापल्या कामाला गेली होती.

त्या बाईचं अपील बीडला दाखल केलं आहे. अर्ज मी लिहिला, पण अर्ज साक्ष देत नाही. तुम्ही त्या गावचे असाल तर तिच्या दारात जा आणि मी येतो म्हणून तोंडानं सांगा, मनातल्या मनात नको. त्या गावचे नसाल तर तुमच्या गावात बटईचं रान कोण करतं ते तुम्हाला माहीत आहे. त्याला उठवलं की पेशीला जा, उभे राहा, आणि जे डोळ्यांनी पाहिलंय ते मोठ्यानं बोला.